पुढची कॅसेट

आमच्या घरात मधोमध जी भिंत उभी राहिली ती कुठल्या गवंड्याने घातली नाही. माझे बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आप्पा, या दोघांनी मिळून घातली. बाहेरच्या माणसाने येऊन आपलं घर कापावं हा दोघांनाही कमीपणा वाटत होता. बाबा माल कालवायचे, आप्पा विटा लावायचे आणि ओळंबा धरून मी उभा. बोलणं अजिबात नाही. माल घट्ट झाला की आप्पा थापी विटेवर आपटायचे, तेवढ्यावरून ओळखून बाबा पाणी घालायचे. भांडणाआधी मळ्यात दोघं असेच एकमेकांच्या हाताखाली काम करायचे, तो सराव भिंतीत कामाला आला. आज इतकी वर्षं झाली, तिला तडा नाही. नातू म्हणतो, आजोबा, पाडू या, खोली मोठी होईल. मी म्हणतो, माझ्या माघारी पाडा. ती मी धरलेल्या ओळंब्याची भिंत आहे.

फक्त ती आढ्यापर्यंत नेली नव्हती. कौलाखाली हातभर मोकळं राहिलं होतं, आणि तेवढ्यातून पलीकडचं सगळं अलीकडे यायचं. मोठी आई वालाला फोडणी द्यायची, तिचा धूर आमच्या बाजूला येऊन मला खोकला आणायचा. मोठी आई म्हणजे आप्पांची बायको. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली, तिचा चेहरा मला फोटोतला तेवढाच ठाऊक. मोठ्या आईला मूल नव्हतं. मला तिनेच न्हाऊमाखू घातलं, चौथीनंतर शाळा सोडली तेव्हा तिनेच काठी घेऊन मारलं आणि मग तिनेच गरम तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढ्यात ठेवली. थंडीत ती उकडहंडी लावायची, मडक्याचं तोंड पाल्याने बंद करून, कंद आणि शेंगा आणि ओवा. मडकं उघडताना ती मला आधी वास घ्यायला बोलवायची. भिंत झाल्यावर बाबांनी वेगळी चूल मांडली. बाबांचा भात म्हणजे खाली करपलेला आणि वर कच्चा. मी तो दोन घास खायचो आणि मागच्या दाराने पलीकडे जायचो. बाबा ते बघायचे.

भांडण होतं पानमळ्यावरून. शिरगावच्या रस्त्याला आमची वाडी, तिच्यात आज्याच्या वेळेपासून पानवेलीचा मळा. भोवती झावळ्यांचा आडोसा, आत शेवरीची नि पांगाऱ्याची झाडं, त्यांच्यावर चढवलेले वेल. आत गेलं की भर उन्हातही गार वाटायचं. मळ्यात कोणी चपला घालून जायचं नाही, आंघोळ केल्याशिवाय जायचं नाही. वेलाला विटाळ चालत नाही असं आप्पा म्हणायचे, आणि म्हणायचे म्हणजे अंगावर यायचे. तर बोईसरकडे कारखान्यांवर कारखाने उभे राहिले, तारापूरच्या बाजूला वीजघर झालं, कुठकुठची माणसं खोल्या शोधत पालघरपर्यंत फिरायला लागली. बाबा म्हणाले, पानाला दिवस राहिले नाहीत, मळा मोडू आणि खोल्या बांधू. आप्पा म्हणाले, मला पुरा आणि माझ्यावर बांध. तिथून वाट फुटली. घर वाटलं, मळा मधे कुंपण घालून वाटला. एक गोष्ट मात्र वाटता आली नाही. पाणी बावखलाचं, बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, आणि ते आलं बाबांच्या वाट्यात. त्याच्या काठावरचं डिझेलचं इंजिनही बाबांचं. पाळीने बाबा हँडल मारून इंजिन चालू करायचे, पाणी आधी त्यांच्या पाटातून आणि मग आप्पांच्या मळ्यात जायचं. त्या इंजिनाचा ढक ढक ढक आवाज लांबपर्यंत ऐकू यायचा. आमच्या घरात तेवढाच आवाज दोन्ही बाजूंचा होता.

बाबांनी हौसेने पहिली खोली बांधली ती बावखलाच्या काठाला, आणि तिच्यात राहायला आला एक बंगाली साहेब. बोईसरच्या कारखान्यात मोठ्या पगारावर होता, स्कूटरने जायचा यायचा. कंपनीच्या कॉलनीत जागा मिळत होती ती सोडून हा आमच्याकडे आला, कारण त्याला तळं दिसलं. त्याच्या बायकोला आम्ही बौदी म्हणायचो. बौदी म्हणजे त्यांच्यात वहिनी, हे तिनेच शिकवलं. ती गळ टाकून बावखलातले मासे धरायची आणि मोहरीच्या तेलात करायची. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा आप्पा कुंपणाकडून ओरडले होते, "कोन मेलं काय रे तिकडे?" पुढे त्या वासाची सवय झाली. मोठी आई तर वाटीभर मागूनही घ्यायला लागली. आप्पांना न सांगता, अर्थात.

या बौदीकडे टीव्ही होता आणि त्याच्या खाली व्हिडिओ. तिचा भाऊ कलकत्त्याला. तिकडे टीव्हीवर एक मालिका लागायची, सगळा बंगाल ती बघतो म्हणे, लागली की रस्ते ओस पडतात. भाऊ ती कॅसेटवर भरून घ्यायचा आणि बोईसरला येणाऱ्या कोणाच्यातरी हाती पाठवायचा. कॅसेट आली की बौदी मोठ्या आईला हाक मारायची आणि रविवारी दुपारी आमचं सगळं घर त्या एका खोलीत. सगळं म्हणजे कसं, ते सांगतो. मोठी आई आणि मी खाली चटईवर. बाबा घरमालक म्हणून दारात खुर्ची टाकून. आप्पा त्या खोलीत पाऊल टाकणार नव्हते, ते खिडकीबाहेर पेरूच्या झाडाला टेकून उभे, तोंडात पान. मोठ्या आईने एकदा खिडकीकडे बघून विचारलं, "काय वो, आत येता का?" तर म्हणाले, "मी पेरूला कीड लागली हाय काय ते बघतो." सगळी मालिका त्यांनी पेरूची कीड बघत पाहिली.

मालिका होती एका घराची. मोठं घर, अंगणात तुळस, दोघे भाऊ. धाकट्याची बायको मेलेली, त्याच्या मुलाला थोरल्याची बायको सांभाळते. तो मुलगा तिला जेठीमा म्हणायचा. बौदीने सांगितलं, मोठ्या काकाची बायको म्हणजे जेठीमा. हे ऐकलं आणि खोलीत कोणी कोणाकडे बघितलं नाही. बंगाली आमच्यातल्या कोणाला कळत नव्हतं. बौदी तिच्या हिंदीत मधेमधे सांगायची, "अब ओ बोलता है, दादा, हमको हिस्सा दे दो." बाई असो की बाप्या, तिच्या हिंदीत सगळेच बोलता है, रोता है. पण सांगायची गरज फार नव्हती. जेठीमा ताट वाढायला लागली की मोठी आई पुटपुटायची, "भात कमी वाढला पोराला." भाऊ भांडायला लागले की दारातली खुर्ची करकरायची आणि खिडकीबाहेर थुंकल्याचा आवाज यायचा. आणि एका कॅसेटमध्ये त्या अंगणात गवंडी आले, भिंत घालायला. मोठी आई पटकन म्हणाली, "बघ, यांना बाहेरचा मानूस लागला." त्यावर बाबा हसले. खिडकीबाहेर आप्पाही हसले असणार, पानाचा ठसका लागल्याचं मी ऐकलं. भिंतीनंतर दोघे भाऊ एका गोष्टीवर हसले ते तेवढंच.

पण घरी परतलं की भिंत होतीच. गावातले लोक बाबांना पारावर डिवचायचे, "काय, पोरगापन गेला का थोरल्याच्या वाट्याला?" बाबा गर्विष्ठ माणूस. मी त्यांच्यावर गेलो आहे, म्हणून मला ठाऊक आहे असलं बोलणं आत कुठे जाऊन बसतं ते. उन्हं तापायला लागली होती, मळ्याची उतरण जवळ आली होती. उतरण म्हणजे काय, तर वेल झाडावर पार उंच गेला की तो वर्षातून एकदा हलक्या हाताने सोडवायचा, खाली आणायचा, मुळाशी त्याचं वेटोळं करून मातीखाली दाबायचं आणि शेंडा पुन्हा वर चढवायचा. नाहीतर वेल म्हातारा होतो, पान येत नाही. एकदा उतरवला की त्याला पाणी लागतंच लागतं, पाळी चुकली तर सगळा मळा जळाला समजा. बाबा आपल्या वाट्याचा मळा मोडणारच होते, त्यांना उतरण नको होती. आप्पांना हवी होती आणि त्यांच्याकडे हात नव्हते. मी जाणार हे मी धरून चाललो होतो. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून बाबा भिंतीकडे तोंड करून मोठ्याने बोलले, पलीकडे ऐकू जाईल असं.

"जनू त्या मळ्यात उतरला ना, तर इंजिनाचं हँडल मी बावखलात टाकीन. मग उतरवा वेल नि घाला देवाला."

मी म्हटलं, "मी जानार."

"तू माझ्या चुलीपुढे जेवनार. मला माझा पोरगा पायजे." हे मात्र ते हळू बोलले. पण आढ्याखालून हळू बोललेलंही पलीकडे जायचं.

त्याच रविवारी नवी कॅसेट आली. तिच्यात शेवटी असं होतं: जेठीमा मुलाला पाटावर बसवते, खिरीची वाटी देते, त्याच्या डोक्यावर तांदळाचे दाणे आणि दूर्वा ठेवते. शंख वाजतो. मुलगा वाकून पाया पडतो आणि ती आत जाऊन दार लावून घेते. दाराच्या आत ती उभी, तोंडात पदराचा बोळा. तिथेच कॅसेट संपली. मोठ्या आईने विचारलं, "काय बोलली ती?" बौदी टीव्ही बंद करायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, "लड़का का परीक्षा है ना, आशीर्वाद देता है. सब ठीक होगा." मोठी आई म्हणाली, "मग रडते कशाला?" बौदी म्हणाली, "खुशी से." चटईची गुंडाळी तीच करायची नेहमी, त्या दिवशी तशीच टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मागच्या दारातून हाक मारली. गेलो तर चुलीवर कण्यांची खीर, नारळाच्या रसातली, वर वेलची. सण नाही, वार नाही. मला वाटलं उतरणीचा मुहूर्त धरला. पोटभर खाल्ली. वाटी खाली ठेवली तर तिने माझ्या डोक्यावर काहीतरी ठेवलं. हाताने चाचपलं, तांदूळ आणि दूर्वा. "हे काय?" म्हटलं. ती म्हणाली, "उद्यापास्नं इकडे येयाचं नाय. तुझी चूल तिकडे हाय. मळ्यात पन येयाचं नाय." मला वाटलं चेष्टा. मी हसलो. तिने मला खांद्याला धरून दाराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्या दाराची कडी मी बाहेरून ऐकली.

मी किती वेळ तिथे उभा होतो सांगता येणार नाही. मोठमोठ्याने म्हणालो, "मी काय केलं? सांग तरी!" आतून भांड्याचाही आवाज नाही. मग केसांतला एक तांदूळ कपाळावर पडला आणि माझ्या डोक्यात आलं, हे कालचंच आहे. ती जेठीमा करत होती तेच. पण बौदी म्हणाली होती परीक्षा. मला कसली परीक्षा? मिसरूड फुटायला आलं होतं आणि शाळेचं तोंड चौथीनंतर बघितलं नव्हतं.

सरळ बौदीकडे गेलो. ती ट्रंकेत कपडे भरत होती. साहेबाची बदली झाली होती, दुसऱ्या राज्यात, त्यांना आठवड्याच्या आत निघायचं होतं. मी म्हटलं, "बौदी, काल ती जेठीमा खरंच काय बोलली? झूठ नहीं बोलने का." ती बराच वेळ साडीची घडी करत राहिली. मग खाली बसली आणि सांगितलं. जेठीमा म्हणाली होती, तू माझ्या दारात येतोस तोवर तुझ्या बापाचा राग विझणार नाही. आजपासून मी तुझी कोणी नाही. बापाकडे जेव. बौदी म्हणाली, "तुम्हारा मोटी आई सामने बैठा था, हम कैसे बोलता?" मी म्हटलं, "तुमी नाय सांगितलं तरी तिला समजलं." बौदीने डोळे पुसले. मी विचारलं, "पुढे काय होतं? तो मुलगा काय करतो?" ती म्हणाली, "मालूम नहीं. अगला कैसेट नहीं आया."

पुढे काय ते तिलाच ठाऊक नव्हतं. आणि मोठ्या आईने तेवढ्यावर कडी घातली होती! तिला वाटलं असणार, बाईने असं केलं की घर सावरतं, मालिकेत असं करतात म्हणजे पुढे चांगलंच होत असणार. मला त्या वेळी जो राग आला तो कोणाचा हे मला आजही नीट सांगता येत नाही. बाबांचा आला, तिचा आला, त्या टीव्हीतल्या पोराचा तर सगळ्यात जास्त आला. वाकून पाया पडला नि निघून गेला मुकाट्याने! अरे, दार वाजवायचं होतं. नाही उघडलं तर कौलं काढायची होती.

इकडे आप्पांच्या मळ्यात काम अडलं होतं. आमच्या घरात रीत अशी की उतरणीचा पहिला वेल घरातल्या सगळ्यात लहान पुरुषाने खाली सोडायचा आणि त्याच्यावर पहिली माती घरातल्या मोठ्या बाईने ओढायची. घर वाटलं पण ही रीत वाटली नव्हती, आणि लहान पुरुष दोन्हीकडून मीच. मोठी आई आप्पांना म्हणत होती, मीच सोडते वेल, माती पन मीच ओढते. आप्पा मळ्यातल्या कट्ट्यावर बसून होते. "जनूबगर पयला वेल उतरनार नाय. सुकला तर सुकला." आमच्याकडे हट्ट कोणी शिकवावा लागत नाही.

मी रात्रभर काही ठरवलं नाही. सकाळी उठलो, बावखलावर आंघोळ केली, ओल्या अंगानेच कुंपण ओलांडलं आणि अनवाणी आप्पांच्या मळ्यात शिरलो. बाबा इंजिनापाशी उभे होते, हातात हँडल. त्यांनी मला जाताना बघितलं आणि मी त्यांना बघताना बघितलं. मळ्यात पहिल्या झाडाशी गेलो, वरपासून केळीच्या सोपटाच्या गाठी सोडवल्या आणि वेल दोन्ही हातांवर घेऊन हळूहळू खाली आणला. मोठी आई धावत आली.

"जा म्हनून सांगितलं ना तुला! पानी तोडतील ते. समदा मळा जाईल तुझ्यापायी."

"जाऊदे."

"जनू, मी तुझी कोन नाय."

"ते टीव्हीतल्या पोराला सांग. मी चौथी शिकलेला हाय, मला समजत नाय. माती ओढ."

ती तशीच उभी. माझ्या हातांवर वेल, तो काय खाली ठेवता येत नाही, मोडतो. आप्पा कट्ट्यावरून एवढंच म्हणाले, "वेल तापतो, गे." मग ती खाली बसली आणि रडत, मला शिव्या देत, तिने माती ओढली. पुढे दिवसभर आम्ही तिघांनी वेल उतरवले, पण कोणाचं लक्ष हातात नव्हतं. कान बावखलाकडे. दुपार झाली, इंजिन नाही. उन्हं कलली, इंजिन नाही. उतरवलेल्या वेलांची पानं लुळी पडायला लागली. आप्पा उठून पाटापर्यंत जायचे, कोरड्या पाटात हात घालायचे आणि परत यायचे. मी मनात बाबांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

दिवस मावळायच्या जरा आधी ढक झालं. थांबलं. पुन्हा ढक, ढक, आणि मग इंजिन लागलं. मोठी आई मातीतच बसली होती, तिने दोन्ही मातकट हात तोंडावर घेतले. थोड्या वेळाने पाटातून पाणी आलं, पुढे वाळकी पानं ढकलत.

रात्री बाबांकडे गेलो. चूल विझलेली. ओटीवर माझे कपडे, माझी घोंगडी आणि माझा पितळी पेला, नीट घडी घालून, नीट मांडून ठेवलेले. बाबा आत भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी "बाबा" म्हटलं. ते झोपलेले नव्हते, मला पाठीवरून कळत होतं. पुन्हा हाक मारायला हवी होती असं कोणी म्हणेल. मी मारली नाही. सामान उचललं आणि मागच्या दाराने पलीकडे गेलो. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या लग्नात अक्षता टाकायला आले, टाकल्या आणि न जेवता गेले. आपल्या वाट्याचा मळा त्यांनी मोडला, खोल्या बांधल्या, पण इंजिन मोडलं नाही. पावसाळा सोडला तर वर्षानुवर्षं आमच्या पाण्याची पाळी त्यांनी एकदाही चुकवली नाही. तापात असले तरी काठीला टेकत जाऊन हँडल मारायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

बौदी गेली ती पुन्हा आली नाही. निघताना म्हणाली होती, पुढची कॅसेट आली की पाठवते. आली नाही. नंतर बाबांच्या खोल्यांमध्ये किती बंगाली पोरं राहून गेली, बोईसरला कामाला असायची, मी प्रत्येकाला त्या मालिकेचं विचारायचो. एकाला नाव ऐकून ठाऊक होतं, एक म्हणाला माझी आई बघायची. शेवट कोणाला सांगता आला नाही.

मोठी आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा आप्पाही नव्हते आणि बाबाही नव्हते. इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली होती, बटण दाबलं की पाणी. एका दुपारी मी तिच्या उशाशी पानं पुसत बसलो होतो. ती म्हणाली, "जनू, त्या जेठीमाचं पुढे काय झालं असंल रे?"

"पोरगा परत आला," मी म्हटलं.

"तुला काय ठावं?"

"मला ठावं हाय."

ती थोडा वेळ आढ्याकडे बघत राहिली, भिंत जिथे संपते तिकडे. मग म्हणाली, "आनि त्याच्या बापाचं?"

मी हातातलं पान पुसलं, उलटं करून पुन्हा पुसलं.

"त्यानं पानी नाय तोडलं," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."